मात्रांचा हिशेब

परकी भाषा वाचता येणे ही विद्वत्ता आणि ती बोलता येणे हे धारिष्ट, असे आमचे जुने मत आहे. पन्नाशी उलटल्यावर आम्ही जपानी शिकावयास बसलो, तेव्हा वर्ध्यातील स्नेह्यांनी 'फावल्या वेळची करमणूक' म्हणून त्या उद्योगाची संभावना केली. कारण मात्र घरगुती होते. आमची कन्या ओसाकास असते. तिचा सहा वर्षांचा मुलगा आमच्याशी मराठीत अडखळत बोलतो. दर वेळी त्यानेच आमच्या भाषेत ठेचाळावे आणि आम्ही आजोबापणाच्या आसनावर स्वस्थ बसावे, हा न्याय आम्हांस पटेना.

जपानी वाणी वर्ध्यास अगदीच अपरिचित नाही. फुजी गुरुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ साली येथे महात्माजींस भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला आणि 'नम्यो हो रेंगे क्यो' असा रूढ झाला. मूळ शब्द मात्रा मोजून उच्चारू गेल्यास न-मु-म्यो-ओ-हो-ओ-रे-न्-गे-क्यो-ओ अशा ११ मात्रा भरतात. भक्तीस या हिशेबाचे सोयरसुतक नाही. संभाषणास मात्र आहे. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या. त्यातील 'बा' एक मात्रा लांबविला की तीच आजी होते. 'किते' म्हणजे 'येऊन', तर 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट!

वास्तविक ध्वनींच्या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. 'त्सुनामी'चा पहिला ध्वनी आमच्या 'चुलत्या'त आहे. हिंदीभाषकास तो मुद्दाम साधावा लागतो. 'अंगण' आणि 'आंबा' यांतील अनुस्वार जसा पुढील वर्णाचा रंग घेतो, तसाच जपानी 'न्'ही घेतो. त्यांच्या वर्णमालेचा क्रमदेखील संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून सिद्ध झालेला आहे.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते ती इंग्रजीत आहे. ती भाषा शब्दाच्या एका अवयवावर आघात करते आणि उरलेले चेपून टाकते. आमच्या पिढीच्या सुशिक्षितांस परभाषा म्हटली की हीच चाल आठवते. जपानी प्रत्येक मात्रेस जवळजवळ सारखाच वेळ देते. चढतो-उतरतो तो केवळ स्वर. 'हाशि' हा शब्द तोक्योत चढत्या स्वरात म्हटला तर पूल आणि उतरत्या स्वरात म्हटला तर जेवणाच्या काड्या. ओसाकात नेमके याच्या उलट! तेव्हा ग्रंथ बाजूस ठेवून या विषयात आम्ही नातवासच प्रमाण मानले.

उपाय आमच्याच घरात निघाला. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, ही गणना आपण शाळेत वृत्तांसाठी शिकलो. जपानीतही लांबविलेला स्वर, जोडाक्षरापूर्वीचा थांबा आणि 'न्' यांस आपापली मात्रा असते. म्हणून आम्ही प्रथम बोटांवर मात्रा मोजीत एकेक वाक्य सावकाश म्हणतो. मग ध्वनिमुद्रित वाक्य चालू असतानाच, कीर्तनात टाळकरी बुवांच्या पाठोपाठ चरण उचलतात तसे, किंचित मागे राहून ते उचलतो. रोज पंधरा मिनिटे, आणि तेही मोठ्याने. मनातल्या मनात भाषा नेहमीच शुद्ध असते. नवल असे की वेग कमी केला, तेव्हाच बोलण्यास ओघ आला. ओघ म्हणजे घाई नव्हे; पुढचा शब्द वेळेवर येईल असा भरवसा होय.

आता रविवारी फोनवर आमचे संभाषण अर्धे मराठीत, अर्धे जपानीत चालते. तो 'ळ'साठी झटतो, आम्ही लांबलेल्या 'ओ'साठी. दोघांचेही हसे होते. पण एकट्याचे होत नाही, आणि म्हणूनच की काय, तो अलीकडे फोन आईच्या हाती देण्याची घाई करीत नाही.