भिलार ते हरिपूर

भिलार, शुक्रवार

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पाचगणीत पावसाची भुरभुर चालू आहे, पण मुलं मजेत आहेत. महाबळेश्वरचे पॉइंट या खेपेला मी यादीतून काढूनच टाकले. धुक्यात गाड्यांची रांग, पॉइंटवर पाच मिनिटं, मग पुन्हा गाडी, हे मुलांना किती वेळा दाखवायचं? म्हणून सरळ भिलारला आलो.

विलायतेत ताईंकडे गेला होतात, तेव्हा त्यांनी तुम्हाला वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय गावाला नेलं होतं, आठवतंय ना? तिथे रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थांनी 1960च्या दशकात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, मग दुकानांमागे दुकानं आली आणि गावाचं नशीब पालटलं. भिलारची कल्पना तिथूनच आली. 4 मे 2017 रोजी हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. फरक असा की इथली पुस्तकं वाचायला आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनं पुस्तकं दिली आणि गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या दिल्या. घरं, देवळं, शाळा धरून सुरुवातीला 25 ठिकाणं होती. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी चरित्रं, तिसरीकडे बालसाहित्य. पैसे कोणी घेत नाही.

आम्ही ज्या घरी बसलो तिथल्या बाई स्ट्रॉबेरीच्या रोपांचे ट्रे घेऊन सारख्या आत-बाहेर करत होत्या. लागवडीचे दिवस आहेत, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण थोरली पुस्तकात तोंड खुपसून बसलेली पाहून त्या जाता जाता म्हणाल्या, “संपेस्तोवर बस गं, आमची काय घाई नाही.” परक्याच्या घरात असं निवांत बसायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! धाकट्यानं मात्र एक पुस्तक पाहून सोडलं आणि तो अंगणातल्या कोंबड्यांमागे लागला. त्यालाही कोणी हटकलं नाही.

सरकारनं हाच उपक्रम पुढे वाढवला, त्यात तुमच्या सांगली जिल्ह्यातलं अंकलखोप-औदुंबरही आहे. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणारी माणसं आता दोन पुस्तकंही चाळतील, याचा मला फार आनंद वाटतो.

सातारा, रविवार

ती. आईंना सा. न.

आजचं पत्र लांबणार आहे, चष्मा जवळ ठेवा.

साताऱ्याच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूला, लिंब गाव आहे. तिथल्या शेतात बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात भोसले घराण्यातल्या वीरूबाईंनी ती बांधवली. शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724, असा काळ शिलालेखात कोरलेला आहे. भोवतालच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप. बाहेरून काही कळत नाही, उसाचे फड आणि झाडं दिसतात. मग पायऱ्या लागतात, दरवाजा लागतो आणि एकदम पुढ्यात खोलच खोल अष्टकोनी विहीर. खोली 110 फूट, व्यास 50 फूट. मुख्य विहीर आणि तिला जोडलेली पायऱ्यांची चौकोनी बाजू यांचा मिळून वरून शिवपिंडीसारखा आकार दिसतो. दोन्हींच्या मधल्या जागेत कमानींवर चक्क एक छोटा महाल उभा आहे. दगडात वाघ, सिंह, हत्ती कोरलेले आहेत. त्या महालात बसलं की खालून येणारा गारवा अंगाला लागतो, भर दुपारीसुद्धा.

मुलांचा पहिला प्रश्न, “मोट म्हणजे काय?” मग तुमचे बाबा सांगायचे आणि तुम्ही आम्हाला सांगितलेलं सगळं मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. चामड्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेली बारीक सोल. बैल धावेवरून उतरायला लागले की मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटाला लागतं आणि बैल मागे सरत पुन्हा विहिरीकडे येतात. वरच्या कडेला मोटांच्या दगडी जागा अजून शाबूत आहेत. थोरली प्रत्येक जागेपाशी थांबून मोजत फिरली. जागा पंधरा आहेत, पण एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून नाव बाराचं, हे तिथल्याच एका शेतकऱ्यानं आम्हाला सांगितलं. ते आपल्या उसाला पाणी पाजत होते. वीरूबाईंची विहीर बघायला आलो म्हणताच त्यांनी खोरं बाजूला ठेवलं आणि आमच्याबरोबर खाली उतरले.

ताईंकडे तुम्ही गढ्या, बागा, जुनी घरं पाहून आलात. नॅशनल ट्रस्ट ही संस्था 1895पासून ती सांभाळते आहे, नकाशा मिळतो, चहाची सोय असते, मुलांना शोधायला एखादा खेळ देतात, असं कौतुकानं सांगायचात. ते खरंच शिकण्यासारखं आहे. लिंबला साधं स्वच्छ स्वच्छतागृह, एक सावलीचा बाक आणि मोट कशी चाले ते दाखवणारी एक लाकडी प्रतिकृती असती, तर इथे शाळांच्या सहली तासभर रमल्या असत्या. बायका-मुलांना घेऊन निघालेलं कुटुंब कुठे थांबतं आणि कुठून पुढे निघून जातं, हे पुष्कळदा एवढ्याशा सोयीवर ठरतं. विहिरीचं वैभव आहेच, ते बघायला थांबवणारं काहीतरी हवं.

काल कासच्या फुलांच्या पठारावर गेलो. नोंदणी आधी केली होती. तुम्ही कोणाला कासचं सांगाल तर तेही सांगा, कारण पर्यटकांची रोजची संख्या बांधून दिलेली आहे आणि ते योग्यच आहे. गाडी दूर उभी करून मिनीबसनं पठारावर जायचं. आसपासच्या गावांची समितीच तिकिटं, वाहनं, वाटाडे सगळं बघते. आमच्याबरोबर कासाणीची एक मुलगी होती. तिनं आधी फुलं दाखवलीच नाहीत, गुडघ्यावर बसवून खालचा जांभा दगड दाखवला. त्याच्यावर बोटभर माती. त्या मातीत झाडाचं मूळ जात नाही, पावसाचं पाणी साचून राहतं आणि पोषण जवळजवळ नाहीच. म्हणून तिथे असल्या चिवट लहान वनस्पतीच टिकतात. सीतेची आसवं हे नाजूक निळं-जांभळं फूल प्रत्यक्षात कीटकभक्षी. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना पकडणाऱ्या बारीक पिशव्या त्याच्या मुळाशी असतात. धाकट्याला हे कळल्यावर तो त्या फुलांजवळून हात मागे घेऊनच चालला! गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, पिवळी सोनकी अशी शेतंच्या शेतं फुललेली आहेत. टोपली कारवीचा बहर सात वर्षांनी येतो, तो या वर्षी नव्हता.

2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. मग गर्दी आवरायला कुंपण घातलं गेलं. पण कुंपणानं गुरंही अडली, गवत माजलं, फुलं घटली, आणि काही वर्षांनी ते कुंपण काढावं लागलं. म्हणजे ही फुलं गावच्या गुरांवरही अवलंबून होती. त्या मुलीनं हे अगदी सहज सांगितलं, कारण ती गुरं तिच्या घरची होती.

कऱ्हाड, बुधवार

ती. आईंना सा. न.

काल औंध. यमाईचा डोंगर, त्याच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938मध्ये ते उभारलं. एवढ्याशा संस्थानाच्या गावात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प! याच राजानं 1939मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली, जिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. संग्रहालयात एका खेडेगावची सहल आली होती. मुलं रविवर्म्याच्या चित्रासमोर मांडी घालून बसली होती आणि गुरुजी त्यांना दमयंतीची गोष्ट सांगत होते. आमची दोघं त्यांच्यातच जाऊन बसली.

संध्याकाळी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी, बाग, घाटावर भेळ खाणारं अख्खं गाव. याहून जास्त लिहीत नाही, तुम्ही पाहिलेलंच आहे.

पण आज सागरेश्वर पाहिलं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. यशवंतराव 1913 साली ज्या देवराष्ट्रे गावी जन्मले, त्याच्या लगतचे हे डोंगर. एके काळी नुसते उघडेबोडके. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला की इथे जंगल करायचं. हा भाग कमी पावसाचा, जमीन खडकाळ, आणि जंगल म्हटलं की शेतकऱ्याला पिकाची धास्ती. तरी त्यांनी माणसं जोडली, झाडं लावली, वनखात्याला मागे लावलं, हरणं आणून सोडली. 1985मध्ये ते अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी कुंपण. माणसानं लावलेलं जंगल. पायथ्याशी जुन्या लहान लहान देवळांचा पुंजका आहे, तिथून वर चढत गेलो.

चितळं दिसली. वाटेपासून वीस पावलांवर, एक नर शिंगं झाडाच्या बुंध्याला घासत होता. सालीचा बारीक भुगा खाली पडत होता आणि बुंध्यावर ओला, तांबूस पट्टा उमटला होता. मुलांनी श्वास रोखून धरला. तो निघून गेल्यावर थोरली बुंध्यापाशी जाऊन त्या पट्ट्यावर बोट फिरवून आली. “हे झाड कोणी लावलं असेल?” असं तिनं विचारलं. वाघ-सिंह बघायला परगावी नेलेल्या मुलांकडून हा प्रश्न मला कधी ऐकायला मिळाला नव्हता.

किर्लोस्कर पॉइंटवरून कृष्णाकाठ दिसतो. ऊस, द्राक्षबागा, मध्ये नदीचं वळण. कुंपणाच्या आत आणि बाहेर किती वेगळं रान आहे, ते तिथून एका नजरेत कळतं. मुंबई-पुण्याच्या सहलींच्या यादीत सागरेश्वर मला कुठेच दिसलं नाही. ज्या डोंगरावर काही नव्हतं तिथे एका माणसानं हरणांचे कळप नांदवले, हे दहा वर्षांच्या मुलाला दाखवण्यासारखं याहून मोठं काय आहे?

मिरज, गुरुवार

ती. आईंना सा. न.

तुमच्या माहेरच्या मुलखात पोचलो. सकाळी सतारमेकर गल्लीत गेलो होतो. कट्ट्यावर कडू भोपळे वाळत घातलेले, आत एक तरुण कारागीर तुंब्याच्या कडेवर कानस चालवत होता. एक-दोनदा घासायचं, बोटानं टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे हे काम सुरू केलं आणि पिढ्यानपिढ्या ते चालत आलं. 2024मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरानं धाकट्याच्या हातात भोपळा दिला आणि टिचकी मारून बघायला सांगितलं. नंतर तासभर हा पोरगा गल्लीतल्या दिसेल त्या भोपळ्याला टिचक्या मारत होता, आणि एकही दुकानदार रागावला नाही.

दुपारी हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम तुम्ही सांगितलात तसाच, संगमेश्वरापाशी बसून डबा खाल्ला. मग हळद साठवायची जमिनीतली पेवं शोधत निघालो. 2005च्या महापुरानं पुष्कळ पेवं खचली आणि आता हळद गोदामांत जाते. एका आजोबांनी परसातलं बुजत आलेलं एक पेव दाखवलं. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत मोठी कोठी. इथली मातीच अशी की आत ओल झिरपत नाही, म्हणून वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचं, विझला तर आत हवा नाही असं समजायचं. हे ऐकल्यापासून मुलं तुमची वाट बघत आहेत. तुमच्या घरच्या पेवात कोण उतरायचं, तुम्ही स्वतः कधी डोकावलात का, हळद बाहेर काढताना कशी दिसायची, असे प्रश्न थोरलीनं वहीत लिहून ठेवले आहेत.

भडंग घेतलं आहे, उद्या कोयना एक्स्प्रेसनं निघतो. दिवाळीनंतर तुम्हाला घेऊन यायचं मी तुमच्या लेकाशी बोलून ठरवलं आहे. लिंबच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, पण औंध, देवराष्ट्रे आणि हरिपूर सहज होईल. नाही म्हणू नका.

कळावे,
तुमची सून