गुळाच्या रंगाची गाठ

‘साधी चरबीची गाठ, दहा मिनिटांचं काम.’ हे वाक्य मी रजिस्ट्रार असताना ऐकलं आणि मान डोलावली. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढं आवाळू, जागेवरच भूल, चार टाके. माणूस सलून चालवायचा. आठवड्याने टाके काढायला आला तेव्हा म्हणाला, ‘गाठ गेली डॉक्टर, पण हात वर जात नाही.’ खांदा खाली उतरला होता. दिवसभर हात उचलून धरणं हाच ज्याचा धंदा, त्याचा खांदा आम्ही पाडला होता. आमचं सगळं लक्ष गाठीकडे होतं, आणि नस होती गाठीच्या शेजारी.

स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह. मानेच्या कडेच्या त्रिकोणात ती फार वरवर, चरबीतूनच जाते आणि खांदा उचलणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूला पोचते. दोऱ्यासारखी बारीक. त्या दिवसापासून मानेच्या गाठीला ‘साधी’ म्हणणं मी सोडलं.

बऱ्याच वर्षांनी एक प्राथमिक शिक्षिका त्याच जागेची गाठ घेऊन आल्या. वय पस्तिशीचं. ‘दुखत नाही, म्हणून तीन वर्षं काढली नाही.’ दुखलं म्हणजे वाईट आणि न दुखलं म्हणजे बरं, हा हिशेब आपल्याकडे घरोघरी आहे. आमच्या ओपीडीत तो कित्येकदा उलटा निघतो. बोटांना गाठ मऊ लागली, पण चरबीची गाठ बोटाखालून जशी निसटते तशी ही निसटेना. शिवाय किंचित ऊबदार वाटली. तेवढ्यावर निदान करू नये, पण नोंद मी करून ठेवली.

एमआरआयमध्ये साधी चरबीची गाठ कातडीखालच्या चरबीइतकीच पांढरी दिसते. ही जराशी मळकट होती, आणि आत रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेघा. असं चित्र लायपोसार्कोमाचंही, म्हणजे चरबीच्या कर्करोगाचंही असू शकतं. सुईने तुकडा घेतला, तर तिथून अपेक्षेपेक्षा जास्त रक्त आलं. सिस्टर कापूस दाबून बसल्या. पॅथॉलॉजिस्टचा फोन आला : ‘हायबरनोमा वाटतोय. बऱ्याच वर्षांनी बघतोय.’

हायबरनोमा तपकिरी चरबीचा. नवजात बाळाच्या मानेत आणि पाठीत ही चरबी असते. ती जळून उष्णता देते, म्हणून बाळ न कुडकुडताही ऊब धरतं. १९०६ मध्ये मेर्केलने अशा गाठीचं वर्णन केलं. १९१४ मध्ये जेरीने तिला हे नाव दिलं, कारण हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्यांच्या चरबीशी ती जुळत होती. गाठ निरुपद्रवी, पण रक्ताची भुकेली. पूर्ण काढली तर सहसा परत येत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी गाठीला हातच लावला नाही. आधी कानाकडे जाणारी ग्रेट ऑरिक्युलर नस शोधली. तिच्या थोडं वर, मानेच्या मोठ्या स्नायूच्या मागच्या कडेला ॲक्सेसरी सापडते; निदान पुस्तकात तरी. इथे गाठीने तिला ढकलून ताणलं होतं आणि ती गाठीच्या पाठीवर पसरली होती. स्टिम्युलेटर टेकवला, खांदा उडाला. भूलतज्ज्ञाला स्नायू सैल करायचं औषध आवरतं ठेवायला आधीच सांगून ठेवलं होतं. नाहीतर हा खांदा उडालाच नसता. मग रक्तवाहिन्या एकेक बांधत दोन तास. आमच्या कामात हे दोन तास फार कंटाळवाणे दिसतात. रजिस्ट्रार घड्याळाकडे बघत होता. मी त्याला सलूनवाल्याची गोष्ट सांगितली, तसं त्याने घड्याळ सोडलं आणि नसेकडे बघायला लागला.

बाहेर नवऱ्याला ट्रेमध्ये गाठ दाखवली. लोण्यासारखी पिवळी असेल, असं त्यांच्या मनात असावं. ‘अहो, ही तर गुळाची ढेप!’ रंग खरंच तसाच होता. पेशींमधल्या ठासून भरलेल्या मायटोकॉन्ड्रियांचा आणि रक्ताचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना म्हटलं, ‘फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायचीय असं समजा.’ त्यांनी हात उचलला, अगदी डोक्याच्या वर, आणि हवेत तारीख लिहिली. महिना चुकला. मी दुरुस्त केला नाही.