छाट

विडी वळणाऱ्या बाईचा हात कसा आहे, ते ती पान कातरताना बघावं. बघणाऱ्याचं लक्ष वळणाऱ्या बोटांकडे जातं, कारण ती झरझर चालतात. विडी बिघडते ती मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधीच, कातरीखाली.

तेंदूचं पान कारखान्यातून येतं तेव्हा वाळकं, कडक असतं. ते पाण्यात बुडवून ओल्या पोत्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी ते हाताला कापडासारखं मऊ लागलं पाहिजे. मग पत्र्याचा साचा पानावर धरून कातर फिरवायची. मधली जाड शीर सोडायची, किडीची भोकं चुकवायची. पान हजार विड्यांच्या हिशेबानं तोलून मिळतं. कमी पडलं तर पदरचं आणायचं. त्यामुळे डागाळलेला, शिरेवरचा तुकडा बाजूला टाकायला जीव होत नाही. तोच तुकडा संध्याकाळी छाट, म्हणजे नापास ठरलेली विडी, म्हणून आपल्यासमोर येतो.

वळायचं काम त्या मानानं सोपं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. तुकड्यावर चिमूट पसरायची, बोटांत फिरवून गुंडाळी करायची, रुंद टोकाची कड नखानं आत दुमडायची आणि दोरा बांधायचा. विडी दोन बोटांत दाबली की पोट कळतं. ठासून भरलेली ओढायला जड जाते, सैल भरलेली गळते आणि सारखी विझते. दोरा बसल्यावर दुरुस्ती नाही. उलगडून पुन्हा वळायला गेलं की पान आधीच्या वळणावरच चिरतं. नव्या मुली उलगडत बसायच्या, तेव्हा जुन्या अक्का म्हणायच्या, ‘सोड गं ती. पुढची नीट कर.’

आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात हे काम घरोघरी चालायचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, नवरा मागावर आणि बायको विडीवर, असा तिथला संसार. मेमध्ये तिथलं ऊन चढलं की कातरलेलं पान सुपातच वाळायचं आणि दुमडताना तडकायचं. पावसाळ्यात त्यालाच बुरशी धरायची. हात तोच, तंबाखू तीच. पण महिना बदलला की छाट वाढायची. हे विड्या तपासणाऱ्या चेकरला सांगून उपयोग नसे.

‘अक्का, हे बघा, तोंड उघडंय.’

‘अहो, पानच तसलं दिलंय की तुम्ही.’

‘पान कारखान्याचं. वळली कुणी?’

यावर उत्तर नव्हतं, पण कायद्यात ते होतं. विडी कामगारांचा कायदा 1966 चा. त्याखाली महाराष्ट्रानं केलेल्या नियमांत होतं, की एरवी शेकडा पाचाहून जास्त विड्या छाट काढू नयेत आणि कामगारानं मुद्दाम हयगय केली नसेल तर छाट विडीचीही निम्मी मजुरी द्यावी. कारखानदार या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. 1974 मध्ये कोर्टानं कायदा कायम ठेवला. मला त्या निम्म्या मजुरीत मोठा समंजसपणा दिसतो. हातानं केलेल्या कामात काही बिघडणारच, आणि बिघडलं त्यातलं सगळंच करणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, एवढं त्या नियमानं मान्य केलं होतं. प्रत्यक्षात किती जणींच्या हातात ती निम्मी मजुरी पडली, ही गोष्ट वेगळी.

आता मी जुळे सोलापुरात मुलाकडे राहते. इथून विजापूर रस्ता जवळ. अकबराचा वकील असद बेग याच विजापुराहून तंबाखू घेऊन बादशहाकडे गेला, 1605 च्या आसपास. सोबत त्यानं जडावाची नळी करून नेली, तोंडाशी धरायला यमनी अकीक बसवलेली. नळीचं असं कौतुक होतं, कारण ती टिकते. युरोपात धूम्रपानाचे पाइप ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळावरच्या गाठीतून कोरतात. त्या लाकडाच्या पोटात बारीक खड्डे लपलेले असतात आणि अर्धं कोरून झाल्यावर वर येतात. कारागीर मग ते लुकणानं बुजवतो, नाहीतर सगळा पृष्ठभागच खडबडीत कोरून त्याची नक्षी करतो. लंडनच्या डनहिलनं तर पहिल्या महायुद्धाच्या काळात वाळूच्या माऱ्यानं खरवडलेले पाइप काढले आणि ते महाग विकले. पाइपमधला दोष असा झाकता येतो, मिरवताही येतो. विडीला ती सोय नाही. तिचं पान हेच तिचं अंग, आणि घटकाभरात राख.

शेजारणी विचारतात, ‘सगळ्या विड्या सारख्या कशा हो यायच्या?’ येत नव्हत्याच. छाट दोन तऱ्हेची असते, एक ओठाला कळणारी आणि दुसरी नुसती डोळ्याला दिसणारी. ठासलेली, गळकी विडी मी स्वतःच काढून टाकायची; ओढणाऱ्याचे पैसे फुकट जायला नकोत. तशी त्याच्या छातीला कुठलीच विडी चांगली नाही, आणि तंबाखूची धूळ वळणारीलाही सोडत नाही, हे आम्हांला खोकल्यानं शिकवलं होतं. पण नुसता डाग असलेली, शीर वर आलेली, जरा वाकडी विडी ओढायला चोख असते. ती विड्यांच्या जुडीत, कट्ट्यात, मधोमध बांधायची, भोवती देखण्या. सगळ्याच बायका असं करायच्या. चेकरलाही ते ठाऊक असायचं. तो कट्टा नेमका मधूनच उघडायचा.