ध्वनिवेड्यांचे सोवळे

पंखा लावायचा नाही, हा आमच्या बैठकीचा पहिला नियम. पुण्याच्या वैशाखातही नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही पाच जण अण्णांच्या माडीवरच्या खोलीत जमतो, खिडक्या लावून घेतो, पडदे ओढतो, कोणीतरी खाली जाऊन फ्रिजचे बटण बंद करून येतो आणि मगच तबकडीला हात लागतो. हात लावण्यापूर्वी ते धुवायचे, आणि धुतल्यावर पंचाला पुसायचे नाहीत, वाळू द्यायचे. पंचाचे धागे बोटांना चिकटतात आणि बोटांवरून तबकडीवर जातात. तबकडी दोन तळव्यांच्या मध्ये कडेने धरायची. चरांना बोट लागता कामा नये, आणि लागलेच तर ज्याचे लागले त्याने आपण होऊन सांगायचे. लहानपणी आजीच्या सोवळ्याची आम्ही यथेच्छ टिंगल केली होती. तिने आमच्यावर उगवलेला सूड म्हणून या सगळ्याकडे पाहता येईल.

आमच्यात एक डॉक्टर आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक संगणकातले, एक शाळामास्तर आणि पाचवे अण्णा. बँकवाल्यांचा सिद्धान्त असा की, मध्यरात्रीनंतरची वीज स्वच्छ असते, कारण कारखाने आणि शेजाऱ्यांची यंत्रे तेव्हा झोपलेली असतात. म्हणून अमीरखाँसाहेबांचा मारवा ते पहाटे दोनला लावतात. मारवा सूर्यास्ताचा राग, हे त्यांना कोणी सांगितले की ते म्हणतात, वेळ रागाची पाळायची की विजेची, हे एकदा ठरवा. आम्ही हसतो, पण फार नाही. जपानमध्ये काही शौकिनांनी केवळ आपल्या संगीतयंत्रणेसाठी घराबाहेर स्वतंत्र विजेचा खांब रोवून घेतला, अशा बातम्या २०१६ मध्ये आल्या होत्या. त्यामानाने पहाटे दोन म्हणजे काहीच नाही. संगणकवाल्याने स्पीकरच्या तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून कॅरमच्या सोंगट्यांचे मनोरे रचून त्यांवर त्या उचलून धरल्या आहेत. परदेशात याच कामासाठी चिनी मातीचे टेकू विकत मिळतात. मास्तर मैफलींच्या खाजगी ध्वनिमुद्रणांचे जाणकार; कोणत्या मैफलीत कोणत्या तानेच्या आधी पहिल्या रांगेतले गृहस्थ खोकले आणि कुठे कपबशी पडली, हे त्यांना मुखोद्गत आहे. तोच राग त्याच गायकाने खोकल्याशिवाय गायला तर ते अस्वस्थ होतात.

डॉक्टरांची गोष्ट जरा दुःखाची आहे. जुनी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ती बनते. तेव्हा जगभरच्या तबकड्यांना लागणाऱ्या लाखेपैकी फार मोठा वाटा भारतातल्या जंगलांतून जात असे. दगडाची पूड मुद्दाम घालीत. पहिल्या काही फेऱ्यांतच पोलादी सुई तिच्यावर घासली जाऊन चराच्या आकाराची होई, आणि म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावण्याची शिस्त होती. आता सुतार हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात, हे डॉक्टरांना ठाऊक असायला हरकत नव्हती. पण त्यांनी हयातभर जखमा स्पिरिटने पुसल्या होत्या. जुन्या बाजारातून आणलेली एक तबकडी त्यांनी त्याच श्रद्धेने पुसली, आणि गाणे बोळ्याबरोबर निघून आले. ती तबकडी त्यांनी फेकली नाही. दवाखान्यात, पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी, ती टांगलेली आहे.

आमचे खरे भांडण मात्र वेगावरून होते. अठ्ठ्याहत्तर हा आकडा नंतर पक्का झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या पलीकडेपर्यंत वाटेल त्या वेगाने कोरलेल्या सापडतात, आणि वेग चुकला की पट्टी चुकते. एकाला एखादे गाणे काळी एकमध्ये वाटते, दुसऱ्याला पांढरी दोनमध्ये. या एका सुराच्या फरकासाठी अठ्ठ्याहत्तरचे साधारण साडेत्र्याहत्तर फेरे करावे लागतात, आणि तेवढ्याने गाणाऱ्याचे वय दहा वर्षांनी वाढल्यासारखे वाटते. अठ्ठ्याहत्तर तरी खरे अठ्ठ्याहत्तर असते का? वेग तपासायला रेघा आखलेली चकती तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायची. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून चकतीवर रेघा सत्त्याहत्तर, आणि हिशेब केला तर वेग येतो ७७.९२. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, तिथे तो ७८.२६ होतो. म्हणजे एकच तबकडी इथे आणि तिथे किंचित वेगळ्या सुरात वाजणार. एलईडी दिव्यांत या रेघा धड दिसत नाहीत, म्हणून अण्णांच्या खोलीत जुन्या चोकची एक ट्यूब केवळ एवढ्यासाठी जपलेली आहे. ती लुकलुकत पेटते तेव्हा आम्ही सगळे तिच्याकडे समईकडे पाहावे तसे पाहतो.

एवढा सोस कशासाठी, असे घरचे विचारतात. त्याचे उत्तर आमच्यापाशी आहे, ते फक्त त्यांच्यासमोर नीट मांडता येत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटे मावत. १९०२ मध्ये गेसबर्गने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपले ख्यालगायन त्या तीन मिनिटांत स्वतःला बसवीत राहिले. ज्यांनी बसवून घेतले नाही, ते गेले. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, आणि त्यांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गळ्यातून उरला तेवढाच. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेर निघाली. त्या सोनेरी तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिज दिलेले आहे आणि एका फेऱ्याला किती वेळ लागावा, तेही हायड्रोजनच्या अणूच्या मापाने आवरणावर कोरले आहे. पट्टीचे भांडण निदान तिथे होऊ नये, ही दूरदृष्टी आमच्या मंडळात फार वाखाणली गेली.

असो. आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे वळतो.

अण्णांनी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. तारेतून येणारा आवाज कुठे दबतो आहे, हे ते नुसते ऐकून सांगत. आमच्या मंडळात त्यांचा शब्द अखेरचा. कोणतेही नवे यंत्र आले की ते डोळे मिटून बसत, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय आम्ही कोणी मत देत नसू. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांची एक तक्रार सुरू झाली: हल्ली तंबोऱ्याची जवारी कोणी नीट लावत नाही. प्रथम ती नव्या गायकांबद्दल होती, तेव्हा आम्ही माना डोलावल्या. नवे लोक काही नीट करीत नाहीत, हे आम्हाला पटायला पुरावा लागत नाही. मग ती जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दलही होऊ लागली. ज्या एलपीची जवारी ऐकायला त्यांनीच आम्हाला शिकवले होते, ती लावून ते म्हणाले, ही प्रत थकली. दुसरी प्रत आणली, तीही थकलेली निघाली. त्यांनी कार्ट्रिज बदलले. अॅम्प्लिफायरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या जागी नवे आले. शेवटी त्यांनी स्पीकरच्या तारा बदलल्या, आणि त्या तारांची किंमत सांगताना आवाज खाली आणला, कारण वहिनी जिन्यात होत्या.

त्या तारांनी फरक पडला, असे अण्णा म्हणाले. आम्हालाही पडल्यासारखा वाटला. खोटे कशाला सांगा, अगदी ठळक वाटला. अण्णांच्या नातीला मात्र वाटला नाही. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने आमच्यासमोर पलंगपोस टांगला, पलीकडे बसून कधी नव्या तारा जोडल्या तर कधी कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी विजेची वायर, आणि आम्हाला वीस वेळा विचारले, आता कोणती? आम्ही पाच जणांनी मिळून शंभर उत्तरे दिली. त्यांतली त्रेपन्न बरोबर आली. नाणे उडवून याहून फार वाईट झाले नसते. बँकवाले म्हणाले, दुपारची वीज होती. संगणकवाल्याने काही न बोलता सोंगट्या गोळा केल्या.

या नामुष्कीत आम्ही एकटे नाही, हे आम्हाला नंतर वाचून कळले आणि बरे वाटले. बोस्टनच्या परिसरात मेयर आणि मोरान यांनी केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, साध्या सीडीच्या दर्जावर आणलेला आवाज आणि त्याहून वरच्या दर्जाचा आवाज यांतला भेद श्रोत्यांना सांगता आला नव्हता. २०२२ मध्ये तर याहून मोठी फजिती झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्या मूळ फितीवरून थेट, मधे डिजिटल काही न येता बनतात, अशा समजुतीने लोक घेत होते. त्यांतल्या अनेकांमध्ये कित्येक वर्षे डिजिटल टप्पा होता, असे उघडकीस आले. डिजिटल आवाजात प्राण नसतो असे म्हणणाऱ्यांनीच त्या तबकड्यांतल्या प्राणाचे गोडवे गायले होते. आम्ही हे वाचून हसलो, आणि मग आपापल्या कपाटातल्या तबकड्यांच्या पाठी वाचायला गेलो.

त्या पलंगपोसाच्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली, ती आमच्यातल्या एकाच्याच लक्षात आली. नातीने यंत्र तपासण्यासाठी एक-एक सूर वाजवला होता, खालून वर चढत जाणारा. आठ हजार आवर्तनांच्या सुराला आमच्यातल्या काहींनी तोंड वाकडे केले. अण्णा शांत बसून होते. ते म्हणाले, "हं, लाव की." तो वाजत होता.

लहानपणी शेजारच्या घरात टीव्ही लागला की तो न पाहता, त्यावर काही लागायच्या आतच, आम्हाला कळत असे. जुन्या टीव्हीतून एक बारीक शिटी येई, १५,६२५ आवर्तनांची. ती मुलांना ऐकू येई, मोठ्यांना सहसा येत नसे, आणि ती ऐकू येणे कधी बंद झाले हे कोणालाच सांगता येत नाही. कान वरून विझत येतात, आणि वयानुसार ते सगळ्यांचेच येतात. डॉक्टरांनी आम्हाला आलेख काढून दाखवला. जवारीचे सगळे तेज त्या वरच्या उपस्वरांत असते. तंबोरा तोच राहतो, फक्त त्याच्यावरची झळाळी जाते.

हे अण्णांना सांगायचे कोणी? आम्ही दोन महिने टाळले. दर बैठकीला ते एखादी नवी वस्तू बदलण्याचे काढीत आणि आम्ही, त्यांच्या निवृत्तिवेतनाचा अंदाज असूनही, माना हलवीत राहिलो. या दोन महिन्यांची आम्हाला लाज वाटते. शेवटी डॉक्टरांनी सर्वांचीच तपासणी करू म्हणून सगळ्यांना एका कानतपासणीच्या केंद्रात नेले. पाच कागद हातात आले. आमचेही उतरते होते. अण्णांचा तीन हजारांनंतर कड्यावरून पडावे तसा खाली गेला होता. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. टेलिफोनची लाइन साधारण इथेच तुटते, एवढेच म्हणाले. पुढचे चार महिने बैठक झाली नाही. पाचव्या महिन्यात त्यांच्या नातीचा फोन आला की, आजोबांनी नव्या तारा विकल्या आणि रविवारी या म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा खोलीत एलपी एकही नव्हती. सगळ्या लाखेच्या, त्याही १९२५ च्या आधीच्या. तोवर मायक्रोफोन आलेला नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात चर कोरी. अण्णांनी आम्हाला समजावून सांगितले, जणू आम्हाला ठाऊक नव्हते: या तबकड्यांत तीन हजारांच्या वरचे गाणे जवळजवळ नाहीच. तंबोराही ऐकू येत नाही, मग जवारीचा प्रश्नच मिटला. त्यांनी हात धुतले, वाळू दिले, जोहराबाई आग्रेवालीची एक तबकडी तळव्यांत धरून लावली आणि ट्यूब पेटवली. रेघा स्थिर झाल्या.

ती प्रत फार ओरखडलेली होती. कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर, आणि तिच्या मागे ती उंच, निर्भय तान. आम्ही कान टवकारून खरखरीच्या पलीकडचे ऐकत होतो. अण्णा डोळे मिटून, मान किंचित डावीकडे करून बसले होते. बाजू संपली तेव्हा त्यांनी सुई उचलली आणि डॉक्टरांकडे वळून विचारले, "इतकी स्वच्छ प्रत मला आजवर मिळाली नव्हती. तुम्ही पुसलीत का?"

डॉक्टर नाही म्हणाले. मग अण्णा हसले, आणि त्यांनी तबकडी उलटी केली.