सवय होईल म्हणे

रोड बाइक घ्यायला गेलं की दुकानात सगळ्याची चर्चा होते. फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, ब्रेक डिस्कचे की रिमचे, टायर २५ चा की २८ चा. सीटबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सायकलबरोबर येईल ती सीट आपली. गंमत म्हणजे बऱ्याचशा महागड्या रोड बाइक पेडलशिवायच विकतात, कारण पेडल ज्याने त्याने आपल्या बुटांप्रमाणे घ्यायचं अशी पद्धत आहे. पाय प्रत्येकाचा वेगळा, हे कंपन्यांना मान्य आहे. बाकीचं शरीर वेगळं असतं, हे मान्य व्हायचंय.

माझी सायकल दिवाळीत आली. त्याआधी कित्येक वर्षं हायब्रिड चालवत होते. सरळ हँडल, रुंद गुबगुबीत सीट, पाषाण तलावापर्यंत जाऊन यायचं. रोड बाइकवर पहिल्याच रविवारी सायकलवाल्या गटाबरोबर पौड रस्त्याने मुळशीच्या दिशेला निघाले. भूगावपर्यंत हवेत होते. पिरंगुटचा घाट चढून उतरेपर्यंत सीटवर कसं बसावं तेच कळेनासं झालं, आणि परतताना चांदणी चौकाच्या अलीकडे दुखायचं थांबलं. थांबलं म्हणजे तिथे काही जाणवतच नव्हतं. घरी येऊन आंघोळ झाली तरी बधिरपणा गेला नव्हता.

गटातल्या लोकांना एवढंच सांगितलं, की सीट त्रास देतेय. सगळ्यांचं एकच उत्तर: सवय होईल. दुकानात फोन केला, तिथेही सवय होईल. नवरा तर सायकल चालवत नाही, पण त्यालाही खात्री होती की सवय होईल. कुठे त्रास देतेय, असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आठ-दहा पुरुषांच्या घोळक्यात, चहाची टपरी, हातात मिसळ-पाव, तिथे काय सांगणार?

विचारलं ते एका वर्गमैत्रिणीने. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे तिला आडपडदा माहीतच नाही.

“हाडांवर दुखतं की पुढे?”

“पुढे.”

“बधिर होतं? सूज येते?”

“दोन्ही.”

“मग ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही, बाई. हाडं दुखली असती तर मीच म्हटलं असतं की चालव अजून.”

तिने एका कागदावर कमरेचं हाड काढून दाखवलं. त्याचे खालचे दोन उंचवटे म्हणजे आपली बसायची हाडं. मांडी घालून फरशीवर बसलं की टोचतात ती. सायकलवर वजन यायला हवं ते यांच्यावर. नव्या सायकलवर ही जागा काही आठवडे ठणकते आणि मग खरोखरच सरावते. तेवढ्यापुरतं लोकांचं म्हणणं बरोबर असतं. पण या दोन हाडांच्या मधून प्युडेंडल नावाची नस आणि रक्तवाहिन्या पुढे जातात. वजन हाडांवरून घसरून मधल्या मऊ भागावर आलं की त्या दाबल्या जातात, आणि बधिरपणा येतो. पुरुषांनाही हे होतं. फरक इतकाच, की बायकांच्या हाडांची कमान साधारणपणे जास्त पसरट असते आणि दोन उंचवट्यांमधलं अंतरही सहसा जास्त असतं. अरुंद सीटवर ती हाडं टेकायला जागाच उरत नाही.

हायब्रिडवर हे कधी झालं नव्हतं, त्याचंही कारण तिच्या चित्रातच होतं. ताठ बसलं की वजन मागच्या रुंद भागावर येतं. रोड बाइकवर वाकून खालचं हँडल धरलं की कंबर पुढे कलते आणि आपण त्या हाडांच्या पुढच्या, निमुळत्या भागावर जातो. म्हणून रोड बाइकची सीट मुळातच लांबट आणि अरुंद करतात. कल्पना चूक नाही. फक्त अरुंद म्हणजे नेमकी किती, हे बसणाऱ्याच्या हाडांवर ठरायला हवं.

मधल्या काळात दिराने कौतुकाने जेलचं कव्हर आणून दिलं होतं. हाताने दाबून बघितलं तर सुख वाटायचं. त्यावर बसून खडकवासल्यापर्यंत गेले आणि त्रास दुप्पट झाला. हाडं जेलमध्ये रुततात, आणि बाजूला सरकलेला जेल मधोमध वर येऊन जिथे नको नेमका तिथेच दाबतो. अर्ध्या तासाच्या फेरीला गादी चांगली. चार तास बसायचं असेल तर सीट थोडी कडकच हवी, हे हाताने दाबून पटत नाही, बसूनच पटतं.

हाडांचं माप घ्यायची घरगुती रीत सोपी आहे. नालीदार पुठ्ठा लागतो, खोक्याचा असतो तो. नव्या मिक्सरच्या खोक्याची एक बाजू कापली, जिन्याच्या पायरीवर ठेवली, पातळ कपड्यांत त्यावर बसले. पाय वरच्या बाजूला ओढून, जरा पुढे वाकून, पूर्ण वजन टाकून मिनिटभर थांबायचं. उठल्यावर आधी काही दिसेना. मग मुलीच्या कंपासपेटीतला खडू आडवा धरून वरून हलकेच फिरवला, तसे दोन लांबट खळगे पांढऱ्यात तपकिरी उमटले. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजलं: १२८ मिलिमीटर. खात्रीसाठी पुठ्ठा फिरवून पुन्हा बसले. तेवढंच. त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन वर आल्या. मी पायरीवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. “बरं वाटत नाही का गं?” म्हणाल्या. मी म्हटलं, “माप घेतेय.” त्या पुढे काही न विचारता गेल्या.

या मापात साधारण वीस ते तीस मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी निघते, कारण सीटच्या कडा खाली वळलेल्या असतात आणि हाडं सपाट भागावर यायला हवीत. जितकं जास्त वाकून चालवणार तितकी थोडी कमी चालते. माझं गणित १५० ते १५५ च्या आसपास आलं. सायकलबरोबर आलेली सीट मोजली तर मागे १४० भरली. म्हणजे माझी हाडं बरोबर उतरत्या कडेवर होती, आणि प्रत्येक खड्ड्याला मी मधे घसरत होते. पुण्यात खड्डे किती, हा वेगळा विषय.

दुकानात गेले. मेकॅनिक पंचविशीचा. “जेलची देऊ का मॅडम? लेडीज सगळ्या तीच नेतात.”

“जेल नको, दादा. सीट पुढून दाबतेय, बधिर होतं. मधे कापलेली हवी, नाक आखूड, रुंदी १५५.”

हे वाक्य मी गाडी लावताना मनात घोळवून आले होते. तो लाजेल असं वाटलं होतं, तो लाजला नाही. हातातलं चाक खाली ठेवून म्हणाला, “१५५ ठेवतच नाही आम्ही. कुणी मागतच नाही.” मग स्वतःच विचारात पडला आणि आतून एक मोठं खोकं घेऊन आला. लोकांनी बदलून टाकलेल्या सीटी त्यात भरल्या होत्या. त्यात एक काळी, नाकाने आखूड, मधे लांब खाच असलेली होती. पोटावर रुंदी कोरलेली: १५५. “ही आठवडाभर न्या. जमली तर बोलू.”

नेहमीची सीट सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटर लांब असते, ही चोवीसच्या आसपास. पुढचं नाक कमी झाल्यामुळे खाली वाकल्यावर दाबायला पुढे काही उरत नाही. शर्यतीतले पुरुषसुद्धा आता असल्याच आखूड सीटी सर्रास वापरतात. बायकांसाठीचा म्हणून हा काही वेगळा लाड नाही.

पण सीट बदलली की संपलं, असं नसतं. मिलिमीटरची कामं इथून पुढे सुरू होतात, आणि मला ती आवडायला लागली. उंचीची खूण साधी: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. माझी सीट दुकानाने जास्त वर बांधली होती. मागून येणारी मैत्रीण म्हणाली, “तुझी कंबर डावी-उजवी डुलतेय.” डुलते म्हणजे प्रत्येक फेऱ्याला घासते. सहा मिलिमीटर खाली घेतली. सीटपोस्टला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून खूण केली, म्हणजे पुन्हा हलवली तरी परत यायला जागा राहते. आडवी पातळी बघायला सीटवर एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि त्यावर मोबाइल, त्यातली लेव्हल चालू करून. शून्यावरून एक-दीड अंश नाक खाली केलं, बस्स. लोक दुखलं की नाक भरमसाट खाली करतात. मग घसरून सगळं वजन मनगटांवर येतं आणि नवं दुखणं सुरू होतं.

मागे-पुढे करण्यासाठी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. पेडल आडवं पुढे असताना गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा, असा जुना ठोकताळा आहे. तो काही वेदवाक्य नव्हे, पण सुरुवात करायला बरा. मी तरीही पुढे सरकतच होते. कारण निघालं भलतंच: हँडल लांब होतं. हात पुरावेत म्हणून शरीर आपोआप नाकाकडे सरकायचं. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, शंभर मिलिमीटरचा काढून ऐंशीचा लावला तेव्हा मी सीटच्या रुंद भागावर टिकले. म्हणजे निम्मं दुखणं सीटचं नव्हतंच. चप्पल चावते म्हणून टाच बघत बसावं आणि दोष पट्ट्याचा निघावा, तसं झालं.

कपड्यांचंही थोडं सांगते. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. हे कुणी सांगत नाही, आणि आतल्या कपड्याची शिवण दोन तासांत कातडी सोलून काढते. गॅलरीत वाळत घातलेली शॉर्ट पाहून सासूबाईंनी विचारलं, “आत हे एवढं काय शिवलंय?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “आम्ही बैलगाडीत नुसत्या पोत्यावर बसून माहेरी जायचो.” मग थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाल्या, “पण दुखायचं हो.” खांद्यावरून पट्टे येणाऱ्या बिब शॉर्ट्स पुरुष गटात देवासारख्या पुजतात. पोटावर इलॅस्टिक दाबत नाही, हे खरं. पण सासवडच्या पुढे बाईला आडोसा शोधायचा आणि त्यात आधी जर्सी उतरवायची, म्हणजे काय दिव्य असतं ते त्यांनी एकदा करून बघावं. मी बिनपट्ट्याची वापरते.

आमच्या गटात एक काका ब्रूक्सची चामड्याची सीट वापरतात. या कंपनीची गोष्ट त्यांच्याकडून अनेकदा ऐकली आहे. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्सचा १८६६ पासून घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा. घोडा मेला म्हणून त्याने सायकल उसनी घेतली, तिची सीट इतकी टोचली की त्याने स्वतःच चामड्याची सीट बनवायला घेतली, आणि १८८२ मध्ये पेटंट घेतलं. घोड्याचा भाग दंतकथेसारखा सांगतात, मला तो आवडतो. दुखतंय म्हणाला, आणि त्याला कुणी ‘होईल सवय’ म्हटलं असेल तरी त्याने ऐकलं नाही. काकांची सीट वर्षानुवर्षांत त्यांच्या हाडांच्या आकाराची झाली आहे. दोन गुळगुळीत खळगे स्पष्ट दिसतात. ते तिला मेण चोळतात, पावसात प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. तरी दर ऑगस्टला तिच्यावर हिरवी बुरशी येतेच. चामडं उत्तम, पण मुळशीकडच्या पावसाशी त्याचं जमत नाही. मला एवढी सेवा झेपणार नाही.

खोक्यातली ती काळी सीट मी विकत घेतली. बधिरपणा गेला. हाडं दुखली, पंधरवड्यानंतर तीही थांबली. आता गटातल्या बायकांत मापाची चर्चा उघड चालते. बोपदेव घाट चढून वर टपरीवर “माझं १४३” “मला १५५ लागली” असं चाललेलं असतं आणि पुरुष मंडळी एकाएकी डोंगराकडे बघायला लागतात. परवा त्यातल्याच एकाने हळूच मला विचारलं, पुठ्ठा कुठला चालतो.

डोक्यात आता दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे आहे, म्हणजे ठरल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. साडेतेरा तासांची मुदत असते, त्यातले दहा-अकरा तास सीटवरच जाणार. सरावात शंभरच्या पुढे गेलं की फक्त उजव्या बाजूचं हाड धरतं. डावं मजेत असतं. सायकल-फिटिंग करणारा एक जण म्हणतो, हे सीटचं नसेल, एक पाय किंचित आखूड असेल किंवा बुटाखालचं, पेडलला अडकणारं क्लीट वाकडं बसलं असेल. येत्या शनिवारी त्याच्याकडे जायचंय. जुनी शॉर्ट सोबत आणायला सांगितली आहे. पॅड कुठल्या बाजूला जास्त झिजलंय, ते त्याला बघायचंय.