चिंचोटीचा थांबा

मुंबईहून अहमदाबादच्या दिशेने निघालेल्या माणसाला चिंचोटी लागते, पण दिसत नाही. घोडबंदर मागे टाकून वसईच्या खाडीचा पूल उतरला, की मालमोटारींची अशी दाटी होते, की सारे लक्ष पुढच्या गाडीच्या पाठीवर खिळते. उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर आणि त्यांच्या पोटात चिंचोटीचा धबधबा, डाव्या हाताला रांगोळीकारांसाठी नावाजलेले जूचंद्र, नाक्यावरून कामणमार्गे भिवंडीकडे फुटणारा रस्ता. एवढे सगळे असून आपण "चिंचोटी गेली" एवढेच म्हणतो. मीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. यंदा सप्टेंबरात मात्र चिंचोटीने मला धरून ठेवले.

मामींना वज्रेश्वरीला न्यायचे होते. गाडी मामांची. १९८३ सालची, जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी. १९८६ साली लंडनहून परतताना मामांनी ती आगबोटीने मुंबईला आणली. मामा गेले, पण मामींनी गाडी विकू दिली नाही. भाचरांत हौशी मी एकटाच, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. तिला क्लच नाही. वडिलांच्या फियाटवर शिकलेला माझा डावा पाय अजूनही तिच्यात बसला, की नोकरी सुटलेल्या माणसासारखा अस्वस्थ होतो. गिअर आपोआप बदलणारी अशी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर प्रथम निघाली ती अमेरिकेत, १९३९ साली, ओल्ड्समोबाइल गाडीतून. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर-फियाटच्या राज्यात ती दुर्मीळच राहिली.

चिंचोटी नाक्यावर मामींना चहाची तल्लफ आली. चहा झाला, किल्ली फिरवली, आणि गाडी गप्प! दिवे लागत होते, भोंगा खणखणीत वाजत होता, पण सेल्फ साधा 'टक्'ही करीना.

पाठीवर पिशव्या घेऊन धबधब्याकडून परतलेली चार मुले धावून आली. "काका, धक्का मारू?" त्यांनी मारलाही. गाडी पुढे गेली, पण इंजिन हलेना. कसे हलणार? या गिअरपेटीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेल असते. त्या तेलाला दाब देणारा पंप इंजिन फिरले तरच फिरतो. इंजिन झोपलेले असताना चाके कितीही फिरवा, त्याला पत्ताच लागत नाही. पुस्तकी विद्वान असल्यामुळे हे मला ठाऊक होते; मुलांचा घाम निघेपर्यंत सांगायचे तेवढे राहून गेले.

शेवटी नाक्याजवळच्या एका बॅटरीवाल्याला बोलावले. साठीचा माणूस, बरोबर एक पोऱ्या. त्याने आधी अवजाराला हात लावला नाही. "हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा." मी मारला. "दिवे मंद झाले नाहीत, साहेब. सेल्फपर्यंत करंट जातच नाही. आता दांडा 'आर'मध्ये टाका." तो मागे जाऊन पाहून आला. "मागे जायचा पांढरा दिवाही लागत नाही. फ्यूज बदलून बघू." फ्यूज बदलला, दिवा आंधळाच. त्याचा चेहरा मात्र उजळला. "सापडलं बहुतेक!"

तर्क सुंदर होता. या गिअरपेटीचा बहुतेक कारभार तेलाच्या दाबावर चालतो, विजेचे काम फार थोडे. पेटीच्या बाजूला एक छोटा स्विच असतो. दांडा 'पी' किंवा 'एन'मध्ये असेल तरच तो किल्लीचा करंट सेल्फकडे सोडतो. 'आर'मध्ये असेल तर मागचा दिवा लावतो. दोन्ही कामे एकदम बंद, म्हणजे खोट स्विचात किंवा त्याच्या जोडणीत. मोटारवाल्यांना विजेचा मोह पूर्वी याहून मोठा झाला होता. १९५८ साली अमेरिकेत एड्सेल गाडीला गिअरसाठी चक्राच्या मधोमध विजेची बटणे बसवली. त्यांनी एवढा त्रास दिला, की पुढच्या वर्षीच ती गेली.

चाकांना दगड लावून, गाडी जॅकवर उचलून, खाली लाकडी ओंडके देऊन तो आडवा झाला. टेस्टचा दिवा लावून पाहिले: करंट स्विचापर्यंत येत होता, पुढे जात नव्हता. त्याने तारेच्या तुकड्याने दोन टोके जोडली, मी किल्ली फिरवली, आणि इंजिन खडखडून जागे झाले! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामी पुढे होऊन गाडीच्या तोंडासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"राहू दे तार तशीच," मी म्हणालो. "मुंबईला गेल्यावर बघू."

त्याने इंजिन बंद करायला लावले आणि तार काढून घेतली. "आता ही कुठल्याही गिअरमध्ये सुरू झाली असती, साहेब. तुम्ही 'डी'मध्ये किल्ली फिरवली असती तर? आजी कुठं उभ्या आहेत बघा."

मी पाहिले, आणि बोललो नाही.

स्विचाचा प्लग काढला, तर पावसाच्या चिखलपाण्याने पिना हिरव्या झालेल्या. पॉलिश पेपरने घासताना तो मुलांकडे न बघता म्हणाला, "धबधब्याचंही असंच. पावसात माणसं बुडतात, म्हणून बंदी घालतात. पोरं आडवाटेनं जातात. अडवणारा म्हणजे वैरी वाटतो." मुलांपैकी एकाने हळूच चपला झाडल्या. त्या ओल्या होत्या.

आयुष्यभर वर्गात नियम शिकवले, अपवादांसकट. पण नियम कोणासाठी असतो, हे मला रस्त्याच्या कडेला आडव्या पडलेल्या माणसाने शिकवले. प्लग बसवून, ओंडके काढून, हँडब्रेक ओढून त्याने मला पुन्हा बसवले. 'पी'मध्ये सुरू, 'एन'मध्ये सुरू. 'आर' आणि 'डी'मध्ये किल्ली फिरवली तर गाडी गप्प. मागचा पांढरा दिवा लख्ख. दोनशे रुपये घेतले आणि चहा माझ्याकडून घेतला नाही.

वज्रेश्वरीला पोचेतो दिवेलागण झाली. परत निघताना मामी म्हणाल्या, "अरे, आधी ब्रेक दाबून 'डी'मध्ये किल्ली फिरवून बघ. सुरू होत नाही ना?"

"नाही, मामी."

"मग ठीक आहे. चल आता."