रोमेरोचे मुडदे

मेलेली माणसे उठतात, लडखडत चालू लागतात आणि जिवंतांचे लचके तोडतात. हे दृश्य आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ते पडद्यावर रुजवणाऱ्या जॉर्ज रोमेरोच्या पदरात मात्र त्यातले फारसे काही पडले नाही.

पिट्सबर्ग हे अमेरिकेतले पोलादाचे शहर, हॉलिवूडपासून पार दूर. तिथे रोमेरो आणि त्याचे मित्र जाहिराती काढून पोट भरत. दहाजणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले, मग आणखी पैसे जमवले आणि सुमारे १,१४,००० डॉलरांत १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पुरा केला. रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत. चित्रपट कृष्णधवल, म्हणून खपून गेले!

नायक ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय. तयार रीळ गाडीत घालून न्यूयॉर्कला जाताना रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगवरच्या गोळीबाराची बातमी ऐकली, असे रोमेरो सांगत असे. आणि चित्रपटाचा शेवट काय? रात्रभर मुडद्यांशी झुंजून नायक वाचतो, अन् सकाळी बंदुका घेऊन आलेली माणसेच त्याला मुडदा समजून गोळी घालतात. आपल्याकडच्या देवचाराला रोट दिला की तो गावची राखण तरी करतो. रोमेरोची भुते कुठल्याच मानपानाने शांत होत नाहीत, कारण ती शेजारपाजारचीच माणसे असतात.

पुढची गोष्ट कारकुनी चुकीची. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलले आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. त्या काळच्या कायद्याने तेवढ्यावर हक्क बुडाला. ज्याच्या हाती प्रत आली त्याने ती दाखवली, पुढे कॅसेटीही विकल्या. चित्रपट घरोघर पोचला तो यामुळेही, असे मला वाटते. पण पैसा गेला भलत्यांच्या खिशात. १९९० साली त्याची नवी आवृत्ती निघाली, पटकथा रोमेरोचीच, ती काहीशी हा तोटा भरून काढायला.

तरी गडी हट्टी. 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) त्याने मनरोव्हिलच्या मॉलमध्ये दुकाने बंद झाल्यावर रात्री-रात्री चित्रित केला. मेल्यावरही माणसे सवयीने बाजारातच येतात, हा त्यातला विनोद अजून बोचतो. 'डे ऑफ द डेड'च्या (१९८५) वेळी हिंसा सौम्य करायला तो तयार झाला नाही, म्हणून भांडवल निम्म्यावर आले. त्याने पटकथा कापली, दृश्ये नाही कापली.

१६ जुलै २०१७ ला तो टोरांटोत वारला. त्याच सुमारास त्याच्या एका विसरलेल्या चित्रपटाची प्रत हाती लागली. १९७३ साली एका ख्रिस्ती सेवासंस्थेने म्हाताऱ्यांच्या हालांवर करवून घेतलेला 'द अम्यूझमेंट पार्क'. तो बाजूलाच पडून राहिला आणि लोकांपुढे आला थेट २०२१ मध्ये. त्यात एकही मुडदा उठत नाही. पांढऱ्या सुटातला एक म्हातारा जत्रेत फिरतो, धक्के खातो, लुबाडला जातो आणि लोक त्याच्या अंगावरून पुढे जातात.